अडुसष्ट तासांचा बेत

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टेपताई राहते. शाळेचे गणवेश शिवते. सकाळी उठल्यापासून गळ्यात मोजायची टेप असते म्हणून टेपताई. खरं नाव विचारलं तर पोस्टमनलासुद्धा जरा आठवावं लागतं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून शिवणयंत्र, भिंतीशी कापडाचे तागे, दारामागे खिळ्यांवर टांगलेले तयार शर्ट. मी खालच्या मजल्यावर राहते. माझ्या दोन्ही मुलांचे पहिलीपासूनचे गणवेश तिच्याच हातचे. त्यामुळे ही हकिगत मला तिच्याकडून, तिच्या नवऱ्याकडून आणि नणंदेकडून अशी तिघांकडूनही ऐकायला मिळाली. तिघांची थोडी थोडी वेगळी आहे. मी सांगते ती बेरीज.

सहा वर्षांपूर्वी टेपताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी सात ते अकरा, ती रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत खिडकीकडून तिसऱ्या खाटेवर असते. डाव्या हातात दोन जाड सुया, शेजारी कपाटाएवढं मशीन. रक्त एका नळीने बाहेर जातं, धुऊन दुसऱ्या नळीने परत येतं. या आजारात लघवी जवळजवळ होत नाही, म्हणून जे पाणी पोटात जातं ते पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच साठून राहतं. फार साठलं तर थेट छातीत भरतं. तिला दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा त्यातलाच, गोळीबरोबरचा घोट त्यातलाच, पातळ भाजीसुद्धा त्यातलीच.

तिचा नवरा पाणी खात्यात. मोठाल्या लोखंडी चाव्या फिरवून भागाभागाला पाणी सोडायचं काम, म्हणून सगळे त्यांना चावीवाले म्हणतात. अर्ध्या गावाला पाणी सोडून ते घरी येतात आणि बायकोच्या बाटलीवर खुणेची रेघ मारतात. एकदा जिन्यात ते स्वतःच मला हे म्हणाले होते. मी हसणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरलं.

डायलिसिसच्या खोलीत तिच्या शेजारच्या खाटेवर मास्तर असतात. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांची पहिली नोकरी एका डोंगरी शाळेत होती, पावसाच्या जंगलात. तीन वर्षं काढली होती त्यांनी तिथे, आणि पुढच्या सदतीस वर्षांच्या नोकरीबद्दल ते चकार शब्द काढत नसत. सांगायचे ते त्या तीन वर्षांबद्दलच.

"पाऊस थांबतो ना, तरी झाडं थांबत नाहीत," ते सांगायचे. "दोन-दोन तास वरून गळत असतं. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून त्याच्या खालच्या. वर्गात ढग यायचा. फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी व्हायची. मुलं म्हणायची, गुरुजी, ढग गेल्यावर शिकवा."

चार तास माणूस छताकडे तरी किती बघणार? टेपताई ऐकायची. अशी चार वर्षं ऐकत राहिली, आणि एका गुरुवारी मशीन बंद होऊन सुया निघाल्यावर, कापूस दाबून धरूनच तिने तंत्रज्ञाला विचारलं, "दादा, मला तिथे जायचं असलं तर जमेल का हो?"

हा तंत्रज्ञ पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. सगळे त्याला दादाच म्हणतात. तो म्हणाला, "कुठे?"

"मास्तरांच्या जंगलात."

त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "शनिवारी अकराला तुमचं संपतं. मंगळवारी सातला पुन्हा सुरू. मधे किती वेळ मिळतो बघा. त्यात बसत असेल तर जमेल. बसत नसेल तर नाही."

टेपताईने घरी येऊन हिशेब केला. अडुसष्ट तास.

तिने तिचा बेत कापडासारखा आखला. गणवेशाचे नमुने कापायचा तपकिरी कागद जमिनीवर अंथरला आणि एका तासाला एक इंच अशी लांब पट्टी काढली. टेप साठ इंचांची. पुढचे आठ इंच वेगळे मोजून जोडावे लागले. पहिले एकोणीस इंच तिने खडूने आडव्या रेघा मारून बाद केले. शनिवारी डायलिसिस झाल्यावर ती पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी असते, उभंसुद्धा राहवत नाही. रविवारी सकाळी सहाला निघायचं. सहा तासांचा रस्ता. शेवटचे चौदा इंच तिने तसेच कोरे सोडले.

"हे कशाला?" मी विचारलं. माझ्या धाकट्याच्या पँटची उंची वाढवून घ्यायला गेले होते, तेव्हा तो कागद तिथेच पसरलेला होता.

"शिवणीला दाब ठेवतात ना, तसा," ती म्हणाली. "रस्ता अडला, गाडी बिघडली, तर सोडायला कापड नको का?"

गाडी नणंदेची. चावीवाल्यांची ही थोरली बहीण. टेपताई तिला वन्सं म्हणते. वन्सं साठीच्या आहेत आणि गाडी चालवायला शिकवतात. सव्वीस वर्षांत अख्ख्या गावाला त्यांनी रिव्हर्स घ्यायला शिकवलं आहे, आणि सगळ्या गावाने त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला.

"माझा भाऊ काय म्हणतो?"

"बघू म्हणतात."

"म्हणजे नाही म्हणतो," वन्सं म्हणाल्या. "ठीक आहे. तू तुझी तयारी कर, वहिनी. गाडीचं माझ्याकडे लागलं."

तयारी म्हणजे साधी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग दोन महिन्यांचे वजनाचे आकडे मागवून पाहिले आणि म्हणाल्या, "तुमच्याइतकी शिस्त माझ्या दुसऱ्या कुठल्याच पेशंटला नाही. जा. पण केळं नाही, नारळपाणी नाही, रस्त्यात कुणी फळं दिली तर घ्यायची आणि दुसऱ्याला द्यायची. डाव्या हातात पिशवीसुद्धा धरायची नाही." दादाने डोंगराच्या पायथ्याच्या गावात डायलिसिसची सोय आहे का ते शोधून काढलं. तिथल्या तंत्रज्ञाला त्याने स्वतः फोन केला, आणि अडचण आलीच तर दाखवायला रक्ततपासणीचे ताजे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिले. "लागणार नाहीत," तो म्हणाला, "पण असू द्या."

जळवांचं मास्तरांनी सांगितलं होतं. टेपताईने दाट विणीचं कापड घेऊन गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवले, वर नाडी ओवलेले; तिघांसाठी तीन जोड. स्वतःच्या डाव्या हातासाठी खांद्यापासून मनगटापर्यंत एक वेगळी बाही. त्या हातातल्या शिरेवर तिचा जीव आहे, तिथे कुणी तोंड लावलेलं चालणार नव्हतं.

राहायला मास्तरांनी एका विश्रामगृहाचं नाव सांगितलं. 'व्हरांड्यातून दरी दिसते, खानसामा फार चांगला.' चौकशी केली तर ते विश्रामगृह पडून वीस वर्षं झाली होती. त्या जागी आता मोबाइलचा टॉवर होता. मास्तरांना हे सांगितल्यावर ते त्या दिवशी चारही तास गप्प बसले. शेवटी टेपताईने जंगल खात्याच्या पर्यटक निवासात फोन करून एक खोली ठरवली. महिन्यातला तिसरा रविवार.

चावीवाले या सगळ्यात होते आणि नव्हते. मोज्यांसाठी त्यांनी पायाचं माप दिलं. कागदाच्या पट्टीला ओलांडून ते रोज आतल्या खोलीत जात. टेपताईने काही विचारलं की म्हणत, "बघू की."

जायच्या आधीच्या बुधवारी तिने पर्यटक निवासात पुन्हा फोन केला. खोलीतलं स्वच्छतागृह कमोडचं आहे का, आणि वजनाचा काटा आणला तर ठेवायला सपाट फरशी आहे का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडचा माणूस वही चाळून म्हणाला, "बाई, ते बुकिंग रद्द झालंय. सोमवारी एका गृहस्थांचा फोन आला होता. खोली दुसऱ्यांना दिली."

तिने फोन ठेवला आणि कॉलर लावत बसली. त्या दुपारी तिने अकरा कॉलर लावल्या. त्यातल्या चार उलट्या लागल्या होत्या, त्या मग उसवाव्या लागल्या.

चावीवाले चारला घरी आले. पाय धुऊन नेहमीप्रमाणे त्यांनी आधी तिची बाटली उचलून उजेडात धरली.

"रेघ बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. सोमवारी फोन तुम्ही केलात?"

ते बाटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "केला."

"का?"

"का म्हणजे? तुला माहीत नाही का? भाचीच्या घरी गेलो होतो तेव्हाचं विसरलीस?"

ती विसरली नव्हती. डायलिसिस सुरू झाल्याच्या पहिल्याच वर्षी ती दोघं भाचीकडे गेली होती, दीड तासाच्या अंतरावर. चालत्या-बोलत्या बाईच्या छातीत पाणी भरलं. परतीच्या टेम्पोत मागे आडवं होता येईना, बसता येईना, आणि चावीवाले तिची पाठ धरून दीड तास तिचा घुरघुरणारा श्वास मोजत होते. त्यानंतर ती दोघं गावाच्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या पलीकडे कधी गेली नाहीत.

"त्या टेम्पोत तू होतीस, पण तू अर्धवट शुद्धीत होतीस," ते म्हणाले. "मी पूर्ण शुद्धीत होतो. दीड तास. आता तू सहा तासांच्या गोष्टी करतेस आणि मी मोज्याचं माप देतो."

"मग तसं म्हणायचं," टेपताई म्हणाली. "भीती वाटते म्हणायचं. मी काय हसणार होते? मी सहा वर्षं तुमच्या रेघेनं पाणी पितेय, कधी रेघेच्या खाली गेलेय?"

"नाही."

"मग माझ्या मागून फोन का केलात? तोंडावर नाही म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते. पण तुम्ही माझं शिवलेलं मला न विचारता उसवलंत."

चावीवाले खाली बसले. बाटली अजून हातातच होती. मग ते म्हणाले, "मला वाटलं होतं, खोली मिळाली नाही म्हणून आपोआप राहून जाईल. तुला वाईट वाटेल, पण माझ्यामुळे वाटणार नाही."

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा वर एवढंही सांगितलं की बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चुकीचा व्हॉल्व्ह एकदाच बंद केला होता, तेव्हा बाजारपेठेत बोंबाबोंब झाली होती. घरातला हा दुसरा.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, चावीवाले डायलिसिसच्या खोलीत आले. एरवी ते बाहेरच्या बाकावर थांबत. आत येऊन मास्तरांच्या खाटेपाशी उभे राहिले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मास्तर, खोली मी घालवली. आता कुठे राहायचं ते तुम्ही सांगा."

मास्तरांना बहुतेक अशाच काहीतरी कामाची गरज होती. ते मोकळ्या हाताने चष्मा चढवत म्हणाले, "शाळा तर पडली नाही ना? की तीही पडली?" आणि त्यांनी दादाकडून कागद मागून घेतला. एका हातात सुया, दुसऱ्या हाताने पत्र: मी अमुक साली आपल्या शाळेत शिक्षक होतो, माझ्या ओळखीच्या तीन माणसांना एक रात्र निवारा हवा आहे, त्यातल्या एक बाई आजारी आहेत पण त्रास देणाऱ्या नाहीत. अक्षर जरा वाकडं आलं. पत्र चावीवाल्यांनी स्वतः पोस्टात टाकलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं, मुख्याध्यापिकेचं. तिने जुनं हजेरीपुस्तक काढून मास्तरांची सही शोधली होती. शाळेमागे शिक्षकांसाठी बांधलेली खोली रिकामी आहे, या म्हणून लिहिलं होतं. सोबत हजेरीपुस्तकाच्या त्या पानाची छायाप्रत. मास्तरांनी ती दुसऱ्या दिवशी डायलिसिसचे चारही तास छातीवर ठेवली. दादाला रक्तदाब मोजायला दोनदा बाजूला करावी लागली.

पुढच्या रविवारी पहाटे सहाला ती तिघं निघाली. वन्संची शिकवणीची गाडी, मागे 'शिकाऊ चालक' अशी लाल पाटी. पाटी काढायला वन्सं तयार होईनात. "असू दे. घाटात लोक चार हात लांब राहतात." ते खरंच झालं. ट्रकवालेसुद्धा बिचकून बाजूला होत होते. पण शिकवणीच्या गाडीत शेजारच्या माणसाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तिथे चावीवाले बसले होते. पहिल्या वळणावर त्यांनी तो दाबला. दुसऱ्यावरही दाबला. पाचव्या वळणावर वन्संनी गाडी कडेला घेतली.

"खाली उतर," त्या भावाला म्हणाल्या.

"अगं, समोरून बस येत होती."

"बस तिच्या बाजूने येत होती. सव्वीस वर्षांत माझ्या गाडीला माझ्याशिवाय कुणी ब्रेक लावला नाही. मागे जा. वहिनी, तू पुढे ये."

टेपताई पुढे येऊन बसली. भाचीकडून परतल्यापासून रुग्णालयाच्या वाटेपलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं. ती पाय आखडून बसली, चुकूनही ब्रेकला लागू नये म्हणून. घाट चढत गेला तशी दोन्ही बाजूंची झाडं जवळ यायला लागली, मग वरून मिळाली, आणि भर सकाळी वन्संना दिवे लावावे लागले. काचेवर पाणी दिसू लागलं. पाऊस नव्हता, ते झाडांवरचं गळत होतं. टेपताई त्या थेंबांकडे बघत राहिली. मागून चावीवाल्यांनी विचारलं, "दम लागतोय का?" ती नाही म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, तेव्हा पुढच्या सगळ्या वेळांचं उत्तर तिने एकदमच देऊन टाकलं.

शाळेमागची खोली दगडी होती, कोरडी, दोन खाटा आणि एक गादी. मुख्याध्यापिकेने खिडकीची झडप उघडली आणि खरोखरच ढग आत आला. सावकाश, कुणाच्या परवानगीची वाट न बघता. वन्संनी घाईघाईने आपलं ब्लँकेट गुंडाळून ठेवलं. टेपताई खाटेवर बसून हात पुढे करून बघत होती. हाताला काहीच लागत नव्हतं, पण थोड्या वेळाने हात ओला झाला.

सोमवारी सकाळी साडेसातला शाळेचे शिपाईमामा त्यांना जंगलात घेऊन गेले. मोजे टेपताईने आणि वन्संनी घातले. चावीवाल्यांनी आपले घोट्यापर्यंत खाली सरकवले, सर्कशीतल्यासारखं दिसतं म्हणाले. वाट सपाट होती पण मऊ. पाय टाकला की खालून पाणी वर यायचं. झाडांच्या सालीवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यांवर आणखी काहीतरी उगवलेलं. रिकामी जागा म्हणून नव्हतीच. एका झाडाची मुळं जमिनीतून भिंतीसारखी वर आली होती, माणसाच्या छातीएवढी. टेपताईने गळ्यातली टेप काढली.

"आता झाडाला काय शिवतेस?" वन्सं म्हणाल्या.

"मास्तरांना सांगायला नको?"

साठ इंचांची टेप, म्हणून एकदा लावायची, खडूने खूण करायची, पुढे लावायची. शिपाईमामा एक टोक धरून उभे राहिले. मुळांच्या वर, जिथे बुंधा गोल झाला होता, तिथे घेर दोनशे छत्तीस इंच भरला. तिने तो सवयीने 'छाती २३६' असाच लिहून घेतला, आणि मग आपलंच लिहिलेलं वाचून तिथेच मुळावर बसून हसायला लागली. चावीवाले सांगतात, तसं ती आजारपणानंतर पहिल्यांदाच हसली. टेपताई म्हणते त्यांना काही आठवत नाही, मधेही मी कित्येकदा हसले होते.

त्या मुळावर ती अर्धा तास बसली. पाऊस थांबलेला होता. वरून थेंब पडत होते, मास्तरांनी सांगितले होते तसेच. जाड पानावर वेगळा आवाज, पातळ पानावर वेगळा. कुठेतरी मोठा पक्षी उडाला तर पंखांचा आवाज ताग्यातून कापड टरकन फाडावं तसा आला. मी तिला विचारलं, काय वाटलं गं तेव्हा? ती म्हणाली, "काही नाही. मशीन चालू नव्हतं ना कुठलंच, ते छान वाटलं."

परतताना चावीवाल्यांच्या पायाला सात जळवा निघाल्या. शिपाईमामांनी मीठ लावून काढल्या. रक्त बघून चावीवालेच खाली बसले. टेपताईने उजव्या हाताने त्यांना पाणी दिलं, स्वतःच्या बाटलीतलं. तेव्हा त्यांचं बाटलीकडे लक्ष गेलं. सकाळची रेघ जिथे होती तिथून पाणी जेमतेम दोन बोटं उतरलं होतं.

"तू पाणी प्यायली नाहीस?"

"तहानच लागली नाही," ती म्हणाली, आणि तिलाही तेव्हाच ते जाणवलं. "इथे तोंडच कोरडं पडत नाही हो. श्वास घेतला की ओला येतो."

सहा वर्षं ती जिच्याशी रोज झगडत होती, ती तहान इथे आलीच नव्हती. घरी सगळ्यांना धास्ती होती ती नेमकी तिच्या पाण्याची. चावीवाल्यांनी दुसऱ्यांदा बाटली उजेडात धरून पाहिली. मग टोपण लावून दिली आणि त्यानंतर दिवसभर ती मागितली नाही.

शाळेत परत येईतो मुलं जमली होती. व्हरांड्यात खुंट्यांवर रेनकोट टांगलेले, आणि जवळजवळ प्रत्येक मुलाचा शर्ट खांद्यावर ओला. टेपताईचा हात आपोआप एका रेनकोटाकडे गेला. उलटून तिने शिवण पाहिली.

"खांद्यावर जोड दिलाय," ती मुख्याध्यापिकेला म्हणाली. "पाणी पडतं तिथेच भोकं पाडलीत सुईनं. जोड खाली काखेत घ्यायचा, वर अखंड ठेवायचं."

"इथे असं कोण शिवून देणार?" मुख्याध्यापिका म्हणाली.

निघेपर्यंतच्या तासाभरात टेपताईने त्रेचाळीस मुलांची मापं घेतली. मुलं रांगेत उभी होती आणि वन्सं रांगेला शिस्त लावत होत्या.

अकराला निघाले. दोन तासांवर रस्त्यात झाड आडवं पडलेलं. अलीकडे-पलीकडे गाड्यांची रांग. टेपताईने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, तिला वाटलं आता यांचा धीर सुटणार. चावीवाले दार उघडून उतरले, पुढे जाऊन रस्त्याच्या कामगारांशी बोलले आणि परत येऊन म्हणाले, "अडीच तास लागतील. तुझे चौदा आहेत ना शिल्लक? मी जरा हात लावून येतो." आणि दोर ओढायला गेले. त्यांना लोखंड आणि चिखल यांची सवय आहे. अशा जागी काय करायचं ते त्यांना कळतं. वन्संनी गाडीतच डुलकी काढली. अडीच तासांचे पावणेतीन झाले. गावात शिरताना दुकानांचे दिवे लागत होते.

मंगळवारी सातला टेपताई काट्यावर उभी राहिली. शनिवार ते मंगळवार या लांब खंडात तिचं वजन एरवी अडीच किलोने वाढतं. दादाने आकडा पाहिला, तिला खाली उतरायला सांगितलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढवलं. वाढ फक्त एक किलो सातशे.

"उपाशी राहिलात काय?"

"नीट जेवले," ती म्हणाली. "विचारा ह्यांना."

मास्तरांना तिने झाडाचं माप सांगितलं, खोलीत आलेल्या ढगाचं सांगितलं, शाळेला आता पत्र्याऐवजी कौलं आहेत ते सांगितलं. पुढच्या वेळी तुम्हीही चला म्हणाली. मास्तर मान हलवून म्हणाले, "नको. माझं जंगल मला बरं आहे, त्यात खानसामा आहे." मग थोड्या वेळाने, "कौलं कसली? लाल?"

त्यानंतर डायलिसिसच्या खोलीतली आणखी दोन माणसं बाहेरगावी जाऊन आली. एक लेकीच्या घरी, एक नुसताच समुद्रावर. दोघांनी आधी टेपताईकडून कागदाची पट्टी काढून घेतली. दादाने आता वेगवेगळ्या गावांतल्या डायलिसिस केंद्रांचे फोन भिंतीवर लिहून ठेवले आहेत.

रेनकोट शिवायला तिला चार महिने लागले. जाड, न भिजणारं कापड तिच्या यंत्राला झेपेना, तीन सुया मोडल्या, मग चावीवाल्यांनी खात्यातल्या मिस्त्रीकडून यंत्राचा कापड दाबणारा पाय बदलून आणला. नियमित गणवेशांचं काम सांभाळून, डायलिसिसचे दिवस सोडून, दिवसाला एखादा. प्रत्येकाच्या आत मुलाचं नाव दोऱ्याने घातलेलं. गेल्या आठवड्यात दोन मोठी खोकी सुतळीने बांधून जिन्यातून खाली आली. एक चावीवाल्यांनी घेतलं, दुसरं मी आणि माझ्या धाकट्याने मिळून. टेपताई मागून उजव्या हाताने जिन्याचा कठडा धरून उतरत होती आणि सांगत होती, "आडवं नका धरू, घड्या मोडतील."

वन्सं खाली गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होत्या.